‘ते चित्र आधीच झाकलेलं असतं तर?’

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जुलैत प्रोजेक्ट वाटले जातात आणि ऑगस्टमध्ये नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या मानसोपचाराच्या खोलीत एक ठरावीक तक्रार येऊन बसते. ‘मॅडम, पोरगं काही वाईट साइटवर नव्हतं गेलं हो. विकिपीडियावर अभ्यासाचंच वाचून राहिलं होतं. तरी नको ते दिसलंच.’ कधी सहावीतल्या मुलाने शरीराच्या एखाद्या अवयवाचं नाव शोधलेलं असतं. कधी नर्सिंगला नुकतीच लागलेली मुलगी जखमांची पानं बघून जेवण सोडून बसते. एकदा साठीच्या एक बाई आल्या. त्यांना स्वतःच्या ऑपरेशनबद्दल वाचायचं होतं, पान उघडताच चिरलेलं पोट समोर आलं, आणि त्यांनी ऑपरेशनच दोन महिने पुढे ढकललं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: माहितीच्या साइटवर, ज्याला हवं त्याने वापरावं असं चित्र झाकायचं बटण का नसतं?

बरीच वर्षं मला हा प्रश्न किरकोळ वाटायचा. ज्या विचारात मी घडले, त्यात भीतीबद्दल पहिली गोष्ट शिकवतात ती ही की टाळलं की भीती पोसली जाते. पालीला भिणारा माणूस पाल दिसली की खोलीबाहेर पडतो. त्याला लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी तो दारातूनच परत फिरतो. मग चित्र झाकायचं बटण म्हणजे टाळण्याची आयती सोय, असं मी ठासून सांगत आले. पालकसभांत सांगितलं, टाळ्याही मिळाल्या. दोन पावसाळ्यांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने माझं हे मत खोडून काढलं. तिला इथे ऋजुता म्हणू. नाव, वस्ती आणि घरचे बारकावे बदलले आहेत.

ऋजुता पहिल्यांदा आली ती चुरगळलेल्या गणवेशात. आईने सुरुवातच तिथून केली. ‘बघा हिचा अवतार. इस्त्री केलेले तीन जोड कपाटातून काढले आणि परत बादलीत भिजवले. इस्त्रीवाल्या काकांच्या हातचं नको म्हणते.’

इस्त्रीवाले काका गल्लीच्या तोंडाशी ठेला लावतात. त्यांच्या दोन्ही हातांवर पांढरे डाग आहेत, म्हणजे कोड. कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नाही आणि ते पसरतही नाही. हे ऋजुताला माहीत होतं. तिने मलाच ते धड्यासारखं म्हणून दाखवलं. पण कपडे भिजतच होते.

झालं होतं ते एवढंच. शाळेत तिला बाबा आमट्यांवर प्रोजेक्ट मिळाला. आजी मूळची वरोऱ्याची, म्हणजे आनंदवनाच्या दारातली, त्यामुळे घरात सगळे खूश. ऋजुता लॅपटॉपवर वाचायला बसली. बाबांच्या पानावरून ‘कुष्ठरोग’ या शब्दावर टिचकी मारली, तिथून इंग्रजी पानावर गेली, आणि एक चेहरा पडदाभर समोर आला. तिने लॅपटॉप मिटला. त्या रात्री काही नाही. तिसऱ्या दिवसापासून ट्यूबलाइटखाली स्वतःचे दंड न्याहाळणं, मग हात धुणं, मग एकटीने झोपायला नकार.

बाबांचं सीताबर्डीला विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनी उपायही वायरमनसारखाच केला होता. ‘राऊटरवरूनच साइट बंद करून टाकली, मॅडम. लाइनच कापली. विषय संपला.’

‘विषय कुठे संपला?’ आई म्हणाली. ‘पोरगी रात्रभर जागून राहिली आहे. आणि उद्या तिला अभ्यासाला काही लागलं तर?’ मग माझ्याकडे वळून तिने तेच विचारलं, जे मी आधी पन्नासदा ऐकलं होतं. ‘ते चित्र आधीच झाकलेलं असतं तर? म्हणजे काढून नका टाकू, नुसतं झाकलेलं. तर हे झालंच नसतं ना?’

मी माझं पालीचं उदाहरण दिलं. बाबांनी मान डोलावली. ऋजुता खिडकीतून बाहेर बघत होती.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली, आणि ती लिहायला हवी. मुलगी हुशार, विषय स्पष्ट, आपली पद्धत आपल्याला ठाऊक, अशा घाईत मी होते. ती आत आली, बसली, आणि मी विचारलं, ‘आपण दोघी मिळून ते पान थोडं बघू या का?’ ती उठली आणि चपला न घालताच बाहेर गेली. आई मागे धावली. तासाचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्याने माझं अपयश काही कमी झालं नाही.

तिसऱ्या भेटीला ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली, पण खुर्ची दाराजवळ ओढून बसली. मी माफी मागितली आणि म्हटलं, ‘मी तुला विचारलं होतं, तुला नाही म्हणता आलं असतं.’ त्यावर ती जे बोलली, ते मी नंतर माझ्या वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं.

‘तुम्ही विचारलं. पण लॅपटॉप आधीच उघडून ठेवला होता.’

मी गप्प. मग ती म्हणाली, ‘त्या दिवशी पण तसंच झालं. मला बघायचंच नव्हतं असं नाही. वाचून झाल्यावर मी बघितलं असतं. पण ते आधीच होतं तिथे.’

पंचवीस वर्षं हे काम केल्यावर एखादं वाक्य कधी नुसतं वाक्य नसतं हे कळतं, एवढा अनुभव मी माझ्या पदरी मानते. या मुलीला चित्र छळत नव्हतं, चित्राचं ‘आधीच असणं’ छळत होतं. कुणीतरी मागून येऊन डोळ्यांवरचे हात काढावेत तसं. आणि पालीचं माझं उदाहरण अर्धंच होतं, हे त्या क्षणी मला उमगलं. भीतीच्या जवळ जाणं उपयोगी पडतं हे खरं, पण पावलं त्या माणसाची स्वतःची असली तरच. पाय त्याचे आणि ढकलणारे हात दुसऱ्याचे असले, तर तो फक्त ढकललं जाणं शिकतो. हे मला पुस्तकातून माहीत नव्हतं का? होतं. सोयीस्कर विसरले होते.

चौथ्या भेटीसाठी मी त्या पानाची छापील प्रत काढली आणि पाकिटात घालून ठेवली. शेजारी वह्यांना घालतो तो खाकी कागद, कात्री आणि चिकटपट्टी. ‘पाकिटात काय आहे ते तुला माहीत आहे. ते उघडायचं की नाही, कधी, किती, ते तू ठरव. मी खिडकीपाशी चहा पिते.’

तिने आधी खाकी कागद कापला. बराच वेळ कापत राहिली, कडा सरळ करत. मग मला सांगितलं, ‘तुम्ही पाकिटातून काढा आणि फोटोवर हा कागद ठेवा. मी बघत नाही आहे.’ मी ठेवला. वरची कड चिकटपट्टीने डकवली, म्हणजे कागद दारासारखा उचलता येईल. मग ती टेबलाशी आली आणि मजकूर वाचू लागली. मोठ्याने, अडखळत, स्वतःशीच मराठी करत. जंतूचा शोध नॉर्वेमधल्या हॅन्सनने १८७३ साली लावला. रोग सहजासहजी लागत नाही. उपचार सुरू केला की दुसऱ्याला होण्याचा धोका संपतो. वाचत वाचत ती फोटोखालच्या ओळीवर आली.

‘चोवीस वर्षांचा माणूस. नॉर्वे. १८८६.’ ती थांबली. ‘चोवीस? म्हणजे आमच्या दादापेक्षा एकच वर्षाने मोठा.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलायला मला दहा वर्षं लागली आहेत.

‘पण मॅडम, १८७३ ला जंतू सापडला ना? मग १८८६ ला याला औषध का नाही दिलं?’

‘नव्हतंच. जंतू सापडला, पण त्याच्यावर चालणारं औषध १९४० नंतर आलं. आज देतात ती एकत्र औषधांची पद्धत तर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. आता ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.’

तिने बोटांवर हिशेब केला. ‘म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं सगळ्यांना माहीत होतं काय झालं आहे, आणि करता काहीच येत नव्हतं.’ मग तिने कागदाची खालची कड बोटभर उचलली. परत ठेवली. परत उचलली, थोडी जास्त. तिचा श्वास जलद झालेला मला खिडकीपाशी ऐकू येत होता. असं सात-आठ वेळा झालं असेल. शेवटी कागद पूर्ण वर गेला आणि ती बघत राहिली. रडली नाही, तोंड फिरवलं नाही. बऱ्याच वेळाने तिने जे विचारलं, त्याची माझ्याकडे काही तयारी नव्हती.

‘याला विचारलं असेल का हो, फोटो काढू का म्हणून?’

मी तो फोटो आधी दहा वेळा पाहिला होता. छापताना पाहिला, पाकिटात घालताना पाहिला. तो माझ्यासाठी ‘उपचाराचं साहित्य’ होता. या मुलीला न विचारता दाखवलं गेलं, म्हणून ती हादरली होती. आणि बरं वाटू लागल्यावर तिला पहिला विचार आला तो हा, की समोरच्यालाही कदाचित न विचारताच दाखवलं गेलं आहे. भीती गेली की तिच्या जागी काय येतं, असं मला पालक विचारतात. मी आजवर ‘आत्मविश्वास’ वगैरे उत्तर देत असे.

मी तिला म्हटलं, ‘समजा, साइटवाल्यांनी असे फोटो झाकायचं ठरवलं, तर वर काय लिहायचं? भीतीदायक? किळसवाणं?’

‘नाही!’ ती जवळजवळ ओरडलीच. ‘त्याच्यावर असं नाही लिहायचं. तो दादाएवढा आहे. काहीच नाही लिहायचं. नुसतं झाकायचं. ज्याला बघायचं तो बघेल.’

आता थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय ऋजुताच्या या उत्तराचं मोल कळणार नाही. बटण का नाही, या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाला सुचलंच नाही’ असं नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने मे २०११ मध्ये असा ठराव केला होता, की वाचकाला स्वतःसाठी चित्रं झाकता येतील अशी सोय करावी. ऑगस्टमध्ये त्यावर जगभरातल्या संपादकांचं मत घेतलं गेलं. सुमारे चोवीस हजार लोकांनी मत दिलं. गंमत म्हणजे ‘हवं की नको’ असं सरळ विचारलंच नाही. ‘हे किती महत्त्वाचं वाटतं’ ते शून्य ते दहा गुणांत सांगा, असं विचारलं. कौलाची भाषा अशी गुळमुळीत असली की भांडण मिटत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सभेला गेलेला माणूस सांगेल. जर्मन विकिपीडियाच्या संपादकांनी आपला वेगळा कौल घेतला आणि शेकडा ८६ जणांनी हे नको म्हटलं. शेवटी जुलै २०१२ मध्ये मंडळाने ती मागणी मागे घेतली.

विरोध करणारे काही वाह्यात नव्हते. त्यांचा मुख्य मुद्दा ऋजुताचाच होता: झाकण्यासाठी चित्रांची वर्गवारी करावी लागेल, आणि कोणतं चित्र आक्षेपार्ह हे ठरवणार कोण? एकाला स्तनपानाचं चित्र अश्लील वाटतं, दुसऱ्याला एखाद्या देवाचं चित्र खटकतं. एकदा चिठ्ठ्या डकवल्या की वाचकाच्या सोयीसाठी केलेली ती यादी एखादं सरकार किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी सगळ्यांसाठीच कुलूप म्हणून वापरू शकते. ही भीती हवेतली नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका देखरेख संस्थेने एका रॉक बँडच्या १९७६ सालच्या तबकडीच्या मुखपृष्ठावरच्या चित्रावरून विकिपीडियाचं त्या तबकडीबद्दलचं पान काळ्या यादीत टाकलं. आक्षेप एका चित्रावर, पण पानावरचा सगळा मजकूर बंद झाला, आणि त्या गोंधळात ब्रिटनमधल्या अनेकांना कुठल्याच पानावर संपादन करता येईना. चार दिवसांनी बंदी उठवावी लागली.

आणि आम्ही मानसशास्त्रवाले तरी कुठे सोवळे आहोत! रोर्शाकच्या शाईच्या डागांची चाचणी बऱ्याच जणांनी ऐकली असेल, स्वित्झर्लंडच्या हर्मान रोर्शाकने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली, दहा चित्रांची. २००९ मध्ये कॅनडातल्या एका डॉक्टरने ती दहाही चित्रं विकिपीडियावर टाकली, तेव्हा आमच्या व्यवसायाने केवढा आरडाओरडा केला. लोकांनी आधीच चित्रं पाहिली तर चाचणीला काय अर्थ, असं म्हणणं होतं. मीही तावातावाने तेच म्हणत होते. म्हणजे रुग्णांनी म्हटलं ‘चित्र झाकलेलं असतं तर’, तर ती पळवाट. आणि आमची दुकानदारी अडचणीत आली की तीच मागणी शास्त्रीय! ऋजुताच्या निमित्ताने मला ही जुनी गोष्ट आठवली आणि एकटीच असताना मी चांगली ओशाळले.

तर माझं आजचं मत असं आहे. हो, माहितीच्या साइटवर चित्र झाकायची सोय हवी. पण ती वाचकाने स्वतः लावायची हवी, आणि ती चित्राबद्दल काही मत देणारी नको. सगळीच चित्रं धूसर आणि टिचकी मारली की स्पष्ट, असाही एक पर्याय त्या काळच्या चर्चेत पुढे आला होता. त्यात कुणी ठरवायचंच नसतं. बाबा आमटेही धूसर, गुलाबाचं फूलही धूसर, आणि नॉर्वेतला तो तरुणही. गैरसोय आहे, मान्य. पण ज्याला ती नको, त्याने लावूच नये.

आणि सगळ्यांसाठी आपोआप झाकलेलं मात्र अजिबात नको. विदर्भात राहून मला हे जास्त कळतं. कुष्ठरोगाची सुरुवात बहुधा कातडीवरच्या फिकट किंवा लालसर चट्ट्याने होते, आणि त्या चट्ट्यावर संवेदना कमी झालेली असते. असा चट्टा लोकांनी चित्रात पाहिलेला असला, तर दवाखान्यात लवकर जातील. भारताने डिसेंबर २००५ मध्ये हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. रुग्णच उरले नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. सापांचंही तेच. माझ्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा येत असे, मोबाइलवर साप दिसला तरी मोबाइल फेकणारा. होस्टेल गावाबाहेर, पावसाळ्याचे दिवस. त्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्याबद्दल वाचणं गरजेचं होतं आणि नेमकं तेच जमत नव्हतं. आम्ही चित्रं बंद केली, त्याने आठवडाभर नुसता मजकूर वाचला. मग मण्यारीचे पट्टे कसे असतात हे वाचून कळेना, म्हणून त्यानेच चित्र सुरू केलं. ते झाकण कायमचं राहिलं असतं तर मी त्याला मदत केली असं म्हटलं नसतं.

पालकांनी आज काय करावं, हे आता सांगते, कारण फोन त्यासाठीच येतात.

गुगलची सुरक्षित शोधाची सोय लावली म्हणजे काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती फक्त गुगलच्या शोधाच्या निकालांपुरती चालते. एकदा साइटवर गेलं की तिचा संबंध संपतो. संगणकावर क्रोम वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये, साइट सेटिंग्जखाली, ठरावीक साइटची चित्रं दाखवू नका असं सांगता येतं. त्या साइटचा पत्ता तिथे टाकला की मजकूर राहतो, चित्रं जातात. काढायचं झालं तर तिथूनच निघतं. शाळांना मी ‘किविक्स’ सुचवते. त्यात विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो आणि चित्रांविनाची प्रतही उतरवून घेता येते. पण हे सगळं मुलासमोर बसून करा. त्याच्या माघारी केलेलं सेटिंग म्हणजे माझा आधीच उघडून ठेवलेला लॅपटॉप, फक्त उलट्या बाजूने. ‘हे असं लागतं, हे असं निघतं, दोन्ही तुझ्या हातात’ एवढं दाखवायला पाच मिनिटं पुरतात. हे मी आठवीच्या पुढच्या मुलांबद्दल सांगते आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला इंटरनेटवर एकटं बसवूच नका, तिथे बटणाचा प्रश्नच येत नाही.

मुलाने काहीतरी पाहिलंच, तर पहिल्या दहा मिनिटांत ‘पण तू तिथे गेलासच कशाला?’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ घरांत ते आधीच बोलून झालेलं असतं. मूल पुढच्या वेळी जाणं थांबवत नाही, सांगणं थांबवतं. त्याऐवजी ‘अचानक आलं का समोर?’ असं विचारा. आणि हात धुणं, अंग न्याहाळणं, खाणं-झोप बिघडणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर माझ्याकडे नाही तरी कुणाकडे तरी या. माहितीचा आणखी एक डोस देत बसू नका. ऋजुताला माहिती पाठ होती, आणि कपडे भिजत होते.

राऊटर बंद करणाऱ्या बाबांना पटवणं सगळ्यांत अवघड जाईल असं मला वाटलं होतं. ते काम प्रोजेक्टनेच केलं. साइट उघडून दिल्यावर ऋजुता पुढे वाचत गेली आणि एका रात्री जेवताना तिने विचारलं, ‘बाबा, तुम्हाला माहिती आहे का, बाबा आमटे पण पळाले होते?’ ज्यांना गांधीजींनी ‘अभयसाधक’ म्हटलं, त्या बाबांना पावसात गटाराशी पडलेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने झडलेला तो देह पाहून ते भ्यायले आणि घरी निघून गेले. मग स्वतःच्या पळण्यानेच अस्वस्थ होऊन परत फिरले. वरोऱ्याजवळचं काम १९४९ मध्ये सुरू झालं, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. ऋजुताचे बाबा मला फोनवर म्हणाले, ‘मॅडम, त्यांना कोणी ओढत नव्हतं आणलं ना परत.’ हे माझं वाक्य होतं, पण त्यांनी म्हटलं हेच बरं झालं.

आजीने त्यात आपली भर घातली. आनंदवनात पिकलेली भाजी गावात सुरुवातीला कोणी घ्यायला तयार नसे. ‘मी बी नव्हती घेत वो माय,’ ती नातीला म्हणाली. ‘भेव वाटे. मंग एक दिवस घेतली. वांगे होते.’ ऋजुताने हे प्रोजेक्टमध्ये लिहिलं, वांग्यांसकट.

फोटोचं काय करायचं, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली म्हणे. आई म्हणाली, तो नको, सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करणाऱ्या गांधीजींचा लाव. ऋजुताने दोन्ही लावले. गांधीजींचा उघडा. नॉर्वेच्या तरुणाच्या फोटोवर तोच खाकी कागद, वरून डकवलेला, आणि कागदावर काही लिहिलेलं नाही. त्याच्या खाली, फोटोची ओळ तिने स्वतःच्या अक्षरात लिहिली होती: वय २४, नॉर्वे, १८८६, तेव्हा औषध नव्हतं.

शाळेच्या सभागृहात प्रोजेक्ट चार दिवस मांडून ठेवले होते. घरी परत आला तेव्हा खाकी कागदाची खालची कड बोटं लागून लागून काळी पडली होती, असं आईने मला सांगितलं. तो फोन आला तेव्हा ऋजुता घरात नव्हती. गणवेश इस्त्रीला टाकायला गेली होती.